सतरावा प्रश्न

“इस्लामबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते मुख्यतः कुठून कळलं, आजोबा? पेपर, टीव्ही, मोबाईल, की ओळखीच्या माणसांकडून?”

“टीव्हीवरून,” शंभुलिंग लगेच म्हणाले. “दिसभर चालूच असतोय की.”

ज्ञानेश्वरीनं कागदावरच्या चौकटीत खूण केली. बातम्यांमुळं मुसलमानांबद्दल लोकांचं मत कसं घडतं, यावर तिची पीएच.डी. चालली होती. त्यासाठी ती धाराशिवहून सास्तूरला येऊन घरोघर फिरत होती. शंभुलिंगांनी तिला दोनदा पाणी विचारलं. कुणी घरी येऊन बसल्याला बरेच दिवस झाले होते.

एकोणतीस वर्षं त्यांनी ग्रामपंचायतीत वॉलमनचं काम केलं होतं. कुठल्या गल्लीला पाणी कधी सोडायचं, कुणाकडं लग्न आहे म्हणून दहा मिनिटं जास्त द्यायचं, सगळं तोंडपाठ. बायको गेल्यावर पुण्याचा मुलगा भिंतीवर मोठा टीव्ही लावून गेला. “तेवढीच सोबत,” म्हणाला होता.

“मुसलमानांची भीती वाटते?”

“वाटती.”

“बातम्यांत दाखवतात ते खरं असतं?”

“खोटं कशापायी दाखवतील?”

उत्तरं भराभर येत होती.

“सतरावा प्रश्न. तुमचा एखादा मुसलमान मित्र आहे?”

शंभुलिंगांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“दस्तगीर,” ते म्हणाले.

“नाव नको, आजोबा. हो की नाही, एवढंच.”

“पाण्याच्या मोटारी भरतोय, जळलेल्या. स्टँडपाशी दुकान हाय. गावाची मोटार जळली की आमी दोघं मिळून काढायचो हिरीतनं. रोज सकाळचा चहा त्याच्याकडंच. चाळीस वर्सं.”

“मग हो लिहू?”

“दोन वर्सं झाली, म्या गेलो न्हाय तिकडं.”

“भांडण झालं?”

“त्यानं काय केलं न्हाय ओ. म्याच एक दिस म्हनलो, टीव्हीवर बघितलं, तुमची लोकं लई माजलीत. त्यो नट खोलत होता, खोलत ऱ्हायला. मला लाज वाटली. दुसऱ्या दिशी गेलोच न्हाय. मग जायाचंच ऱ्हायलं.” त्यांनी कागदाकडं बघत विचारलं, “होता, असं लिवता येतंय का, बाई?”

कागदावर दोनच चौकटी होत्या. ज्ञानेश्वरीला काही बोलावंसं वाटलं, पण उत्तर सुचवायचं नसतं.

“तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं,” ती म्हणाली.

“मग ऱ्हाऊ द्या कोरं.”

ती गेल्यावर त्यांनी जेवणाचं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. धुतलेला सदरा घातला. ऊन उतरायची वाट न बघता स्टँडकडं निघाले.

दस्तगीर मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. दाढी पार पांढरी झाली होती. शंभुलिंगांना दारात बघून ते उठले आणि फडक्यानं गिऱ्हाइकाची खुर्ची पुसली.

“या शंभुलिंगराव. बसा.”

चाळीस वर्षांत दस्तगीरनी त्यांना शंभ्याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. शंभुलिंग खुर्चीच्या कडेवर टेकले.

“बरा हायेस का?”

“अल्लाची मेहेरबानी. तुमची तब्येत?”

“बरी हाय.”

“काय काम काढलंत?”

“काम न्हाय. असंच आलतो.”

दस्तगीरनी मान हलवली आणि समोरच्या हाटेलात हाक दिली, “एक चहा!”

“एकच? तू न्हाय घेणार?”

“रोजे चालू हायत. अकरावा आज.”

शंभुलिंगांची मान खाली गेली. पूर्वी रमजानभर तेही या दुकानात चहा घेत नसत. दस्तगीर म्हणायचे, “तू का उपाशी मरतोस रे?” संध्याकाळी पहिला खजूर मात्र त्यांच्याच हातावर ठेवायचे. यंदा रमजान लागल्याचंही त्यांना कळलं नव्हतं.

“मग मलाबी नको,” ते म्हणाले.

“असं कसं? पाहुण्याला तसंच पाठवतेत व्हय?”

चहा आला. दस्तगीरनी तो स्टुलावर ठेवून स्टूल शंभुलिंगांजवळ सरकवलं आणि पुन्हा तार हातात घेतली. ओठातल्या ओठात ते वेढे मोजत होते. शंभुलिंग त्यांच्या बोटांकडं बघत बसले. गेल्या वर्षी दस्तगीरना नातू झाला म्हणे, ते विचारावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण मोजणी मोडली असती.

शेवटी वेढे पुरे झाले. दस्तगीरनी वर पाहिलं.

“घ्या,” ते म्हणाले. “निवला तुमचा चहा.”