खासबागेची माती

कोल्हापूरला जायचं असेल तर वरठीहून सकाळची महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा. दुसरी गाडी सुचवणाऱ्याचं ऐकूच नका. दुसऱ्या दिवशी उतरलात की स्टेशनासमोरच्या लॉजकडे ढुंकूनही बघायचं नाही, आधी खासबाग मैदान. शाहू महाराजांनी बांधलेलं, वाटीसारखं खोलगट. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा मोडलेला कान दिसतो. मग तालीम बघा. चपला बाहेर, आणि माती कपाळाला लावल्याशिवाय आत पाऊल नाही. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. संध्याकाळी दूध कट्ट्यावर जा. म्हशीची धार तुमच्यासमोर काढतात, फेसाळ ग्लास उभ्यानेच संपवायचा.

हे सगळं मी तीस वर्षं सांगतोय. स्टील प्लांटमध्ये माझ्या पाळीतल्या कुणालाही विचारा, कोल्हापूर म्हटलं की अश्वजितभाऊ. दहा जण तरी माझं ऐकून जाऊन आले, एकालाही चूक काढता आली नाही.

मी स्वतः कोल्हापूर पाहिलेलं नाही.

सोळाव्या वर्षी तिथल्या एका तालमीत माझी निवड झाली होती. गावाने हार घालून गाडीत बसवलं. नागपूर आलं आणि छाती अशी धडधडायला लागली की ट्रंक उचलली आणि उतरलो. दोन महिने एका टपरीवर कपबशा विसळल्या, मग घरी येऊन सांगितलं की गुडघा गेला. कोल्हापूरहून येणाऱ्याने गावच्या आखाड्यासाठी तिथली माती आणायची, अशी आमच्याकडे रीत. मी नागपुरातल्या रस्त्याकडेचा लाल मुरूम चाळला, त्यात हळद-ताक कालवलं आणि थैलीभर आणला. साऱ्या गावाने तो कपाळाला लावला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही. पुढची सगळी माहिती पेपरातून आणि पैलवानांना खोदून खोदून विचारून जमवलेली.

आता भाचीची, खुशबूची, कोल्हापुरात कुस्तीची निवड चाचणी निघाली. बहीण रश्मी म्हणाली, "तूच ने तिले. तुले तं तिथली गल्लीन् गल्ली माहीत हाये." मी वहीभर नकाशे काढून दिले, सुट्टी नाही म्हणालो. खुशबू ऐकेना.

"वही काय चाचणीत माह्या बाजूनं उभी राहीन का? तू चाल, मामा."

म्हणून गाडीत बसलो. नागपूर तासाभरावर. त्या तासात मी तीनदा दारापर्यंत जाऊन आलो. पोरगी चिवडा खात निवांत.

"मामा, खासबागेत उतराले पायऱ्या किती हायेत?"

"मी काय मोजत बसलो होतो?" मी खेकसलो. तिने चिवड्याची पुडी मिटली. तिचा काही दोष नव्हता, माझंच मला सहन होत नव्हतं.

नागपूर आलं. तोच फलाट, तोच कल्ला, आणि छातीत तीच धडधड. "पाणी आणतो," म्हणत मी उठलो.

"पाण्याले बॅग कायले पायजे, मामा?"

खांद्यावर माझी बॅग होती. कधी उचलली ते मलाच कळलं नव्हतं. खुशबूने माझं मनगट धरलं. पैलवानाची पकड, सुटायची सोय नाही.

"आजीनं सांगतलं, नागपूरले मामाचा हात सोडू नको."

"काहून?" मी विचारलं.

"आजी म्हणे, रोजगार हमीवर पाच वर्षं घमेल्यानं मुरूम वाहला, मले मुरूम ओळखू येत नाही का? थैली बी नागपूरच्या दुकानातली होती. पण पोरानं एवढी हळद लावून आणला, तं सगळ्यात पयले मीच कपाळाले लावला."

खुशबूची आजी मालनबाई, म्हणजे माझी आई. तीस वर्षं माझ्या तोंडून कोल्हापूर ऐकत होती. एकदाही हसली नाही, एकदाही टोकलं नाही. मी तिथेच सीटवर बसलो आणि भर गर्दीत रडलो. पोरीने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने आपल्या बॅगेतून एक रिकामी कापडी थैली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आजीनं देल्ली. म्हणे, या खेपेले माती आणजो."

गाडी हलली. मी बॅग सीटखाली सरकवली.

"पायऱ्या उतरताना मोजू," मी म्हणालो. "मले खरंच माहीत नाही."