खाली म्हणजे कुठं?

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या कंपनीत शंभर जणांसमोर धडाधड बोलणारा सुमंत, पण डॉक्टरांपुढे त्याची दातखीळ बसली! डाव्या वृषणात कळा येत होत्या, आणि हा पठ्ठ्या सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात हिंदीत काय म्हणाला, तर "खाली दुखता है." कन्नड डॉक्टरांनी विचारलं, "खाली पेट?" उपाशीपोटी दुखतं का, असं त्यांना म्हणायचं होतं. यानं सुटकेचा निःश्वास टाकला, मान डोलावली आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी आला. आता काय म्हणावं या लाजेला?

दुपारी पाऊल उचलेना, तेव्हा बायकोनं, संहितानं, त्याला रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात नेलं. सर्जन आडपडदा न ठेवता म्हणाले, "पीळ पडला असेल, तर रक्त थांबलेलं असणार. उशीर झालाय. कदाचित वृषण काढावं लागेल. आधी सोनोग्राफी करा." लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर अहल्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्याच. फाईलवरचं नाव वाचून म्हणाल्या, "स्वल्प सैल पडा, अण्णा. कुठं दुखतंय?"

मराठी! बाई इथल्या जुन्या मराठी घरातल्या निघाल्या. अरे देवा, परक्या भाषेचा आडोसाही गेला.

"खाली," तो पुटपुटला.

"खाली तर पायपण आहेत. नाव सांगा की!"

सांगितलं त्यानं, डोळे मिटून.

त्यांनी बटण दाबलं. करड्या पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकू लागले आणि यंत्रातून ठेक्यात आवाज आला, सूं... सूं... "हे तुमचं रक्त. पीळबीळ काही नाही. वृषण ठणठणीत आहे."

मग त्यांचा हात थबकला. वर शिरांचा गुंता होता, वेलीच्या तणाव्यांसारखा. त्यातली एक शीर फुगलेली, दाबूनही दबेना, तिच्यात रंगच नाही, म्हणजे रक्त वाहतच नव्हतं. "आई गं! इथल्या शिरेत गुठळी! इतकी वर्षं झाली, हे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं." दोघंही पडद्याकडे बघत राहिले. एक वाट बंद पडली होती आणि शेजारच्या शिरांनी ते रक्त आपल्यात वाटून घेतलं होतं, कुणी न सांगता. जिची जन्मभर लाज वाटली, ती जागा इतकी शहाणी! सुमंतला रडूच कोसळलं.

"कापावं लागेल?"

"छे हो! बहुतेक औषधांनीच भागेल. गुठळी का झाली, ते तेवढं शोधू."

बाहेर बाकं माणसांनी भरलेली. संहिता धावत आली. "काय झालं?"

"माझं वृषण वाचलं!" तो मोठ्यानं म्हणाला.

"अहो, हळू! इथं मराठी कळतं लोकांना."

"कळू दे," सुमंत म्हणाला.