गॅरेजचा नारळ

गंगापूर रोडवरच्या बंगल्यात गॅरेजचं भूमिपूजन होतं आणि थोरली सून मनीषा स्वयंपाकघरात शिरा ढवळत होती. सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, सकाळीच बजावलं होतं, "पूजा आटपेपर्यंत बाहेर येऊ नकोस हं. शुभकार्य आहे." ज्या अश्विनने रेल्वेच्या नोकरीवर कर्ज काढून हा बंगला बांधला, तो गेला आणि त्याची बायको अपशकुनी ठरली!

धाकट्या दिराला, समर्थला, हुंड्यात गाडी मिळणार होती. तिच्यासाठी गॅरेज, आणि ते उठणार होतं नेमकं मनीषाच्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला लागून.

"मामंजी, मग खोलीत उजेड कुठून येणार?" तिने विचारलं होतं.

"तुला आता उजेड काय करायचाय?" सासरे निवृत्तीराव म्हणाले होते. ते तिच्या जिव्हारी लागलं.

कंत्राटदार भिकन चाचरत म्हणाला, "दादा, बाजूची जागा मोकळी ठेवायचा नियम हाय. परवानगी काढा ना."

"बांध रे तू! महापालिकेत सांगायला कोण जातंय?" निवृत्तीरावांनी उडवून लावलं.

भिंत चढली, खिडकी बुजली. भर दुपारी मनीषाला दिवा लावावा लागे.

मग महापालिकेत सांगायला मनीषाच गेली.

इंजिनिअर आले. म्हणाले, "सगळ्या मालकांच्या सह्या घेऊन नकाशा द्या, विचार करू. नाहीतर पाडावं लागेल." अश्विनच्या मागे बंगल्याच्या कागदांवर मालक म्हणून मनीषाचंही नाव लागलं होतं. इतके दिवस त्याची कुणाला आठवण नव्हती.

निवृत्तीराव पेन घेऊन तिच्या अंधाऱ्या खोलीत आले. "सूनबाई, सही कर. गाडी दारात यायची वेळ आली."

"शुभकार्याला माझा हात कसा चालेल, मामंजी? आणि तक्रारही मीच केलीय."

"घरभेदी!" यशोदाबाई किंचाळल्या. मनीषाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

पाडायला माणसं आली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. मनीषा ताम्हन घेऊन बाहेर आली. तिने घणाला हळदकुंकू वाहिलं.

"ताई, हे काय?" मजुराने विचारलं.

"शुभकार्य आहे," ती म्हणाली आणि गॅरेजच्या उंबऱ्यावर तिने नारळ फोडला.

पहिल्या घावांनीच विटा निखळल्या आणि तिच्या खोलीत ऊन शिरलं. मनीषाने खोबऱ्याचे तुकडे केले आणि ती शेजारणींमध्ये फिरली. भूमिपूजनाला तिच्या हातचा शिरा या सगळ्यांनी खाल्ला होता. मनीषा कुठे आहे, हे एकीनेही विचारलं नव्हतं. तिने प्रत्येकीच्या हातावर प्रसाद ठेवला आणि ती खाईपर्यंत समोरून हलली नाही.