गोठ्यापर्यंत कुणी गेलं नाही

फिन्टन कीव्हनीच्या घरी जनावर सोडायला येणारा माणूस चहा घेतल्याशिवाय परत जात नसे. त्याची बहीण अट्रॅक्टा होती तेव्हा असं नव्हतं. जनावर गाडीतून उतरलं की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, पाय उचलून खुरं बघायची, ओठ वर करून दात बघायची आणि आणणाऱ्याला म्हणायची, "ठीक आहे. निघा आता." चहाबिहा काही नाही. आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या आमच्या टेकडीवर तिला उद्धट म्हणणारे पुष्कळ होते.

इंग्लंडात लीड्सला तीस वर्षं नर्सची नोकरी करून ती परत आली, तेव्हा आईवडील गेलेले होते आणि धाकटा फिन्टन एकटाच शेत नि गाई सांभाळत होता. आल्या आल्याच तिला रस्त्याकडेला खांबाला बांधलेली एक गाढवीण दिसली. खुरं इतकी वाढलेली, की पुढून मोजडीसारखी वर वळली होती. अट्रॅक्टानं दोर सोडला आणि तिला पायीपायी घरी आणलं.

"कुणाची ही?" फिन्टननं विचारलं.

"आता माझी."

पुढे गाई एकेक करून विकल्या गेल्या आणि गोठ्यात कुणालाच नको असलेली जनावरं येत गेली. गाढवांना ती आपल्याला शाळेत शिकवलेल्या नन्सची नावं द्यायची. पहिली ती सिस्टर फिलोमिना. "चाल तशीच आहे," ती म्हणायची, "आणि लाथही."

गोठ्यात कोरड्यात मावतील तेवढीच जनावरं ठेवायची, हा तिचा नियम होता. जागा नसली की फोनवर सरळ "नाही" म्हणून ती रिसीव्हर ठेवून द्यायची. फिन्टनला ते बघवत नसे.

"असं काय तोडून बोलतेस? रडत होता बिचारा."

"रडू दे. त्याचं एक इथे घुसवलं, तर आधीच्यांच्या तोंडचं काढावं लागेल. ते तू काढशील का?"

फिन्टन गोठ्याकडे वळायचा. गवताचे भारे उचलायचं, शेण काढायचं, कुंपण दुरुस्त करायचं, ही त्याची कामं. माणसांशी बोलायचं काम तिचं.

मग एका ऑक्टोबरात अट्रॅक्टा गेली. पोटाचा आजार निघाला आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. अंत्यविधीला चर्चच्या हद्दीतला अख्खा गाव आला. बायकांनी हॅमची सँडविचेस केली, पुरुषांनी अंगणात गाड्या लावायला जागा करून दिली, दोन दिवस घरात उभं राहायला जागा नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांनी फिन्टनच्या लक्षात आलं, की चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर आपण माणसाशी बोललेलोच नाही, आणि आज गुरुवार आहे.

तेवढ्यात फोन वाजला. प्राणिरक्षण संस्थेची इन्स्पेक्टर डर्व्हला बोलत होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, सदा घाईत असलेली बाई. एक आंधळी घोडी होती, मालक म्हातारा होऊन वृद्धाश्रमात गेला होता.

"मला माहितीय फिन्टन, ही वेळ नाही विचारायची. पण तुम्हाला जर..."

"घेऊन ये," फिन्टन म्हणाला.

"आधी ऐकून तर घ्या."

"घेऊन ये म्हटलं ना पोरी. दुपारी ये."

दुपारी घोडी उतरवली आणि पाऊस लागला. डर्व्हला स्वयंपाकघरात आली. फिन्टननं चहा केला, ब्राउन ब्रेड कापला, लोणी पुढे केलं. ती तासभर बसली. आपल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोलली, संस्थेतल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. ती गेल्यावर दोन कप धुताना फिन्टनला वाटलं, आजचा दिवस बरा गेला.

हळूहळू त्याला कळत गेलं, की एक जनावर म्हणजे निदान तीन भेटी. आणायची एक, बघायला यायची एक, आणि औषध नाहीतर खोगीर काहीतरी पोचवायच्या निमित्तानं आणखी एक. डर्व्हलाच नव्हे, इतरही यायला लागले. कीव्हनी नाही म्हणत नाही, ही बातमी दोन परगण्यांत पसरली. कुणी पोनी आणली, कुणी गाढव, कुणी म्हातारी मेंढी, एकानं शेळ्या आणल्या. फिन्टन प्रत्येकाला म्हणायचा, "आत या. बसा. पाऊस थांबेपर्यंत तरी बसा." आणि आमच्याकडचा पाऊस कसला थांबतोय!

गावात कन्सेप्टाच्या दुकानात तो चॉकलेटची बिस्किटं घ्यायला लागला. कन्सेप्टा त्याच्या वर्गातली.

"काय रे फिन्टन, साधी बिस्किटं दहादा उलटून बघणारा माणूस तू. लग्नबिग्न जमलं की काय?"

"या वयात कोण देतंय मला?"

"बघू एखादी. गाढवांत राहायची तयारी असलेली हवी."

"तू आहेस की."

"मी? नको रे बाबा. माझ्या घरात आहे ते एक गाढव पुरे आहे मला."

हसत हसत तो घरी आला. हा किस्सा डर्व्हलाला सांगायचा, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं, आणि सांगितलाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळाच झाला नाही. कापलेलं गवत शेतातच भिजलं, गोळा केलं तरी आतून बुरशी धरून बसलं. हेमंतात फिन्टनचा उजवा खांदा आखडला. भारा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेण रोज निघायचं ते एक दिवसाआड निघायला लागलं, मग जमेल तसं. अंगणात घोटाभर चिखल झाला. गोठ्यात सगळ्यांना जागा पुरेना, म्हणून पोन्या बाहेर पावसात उभ्या राहायच्या.

नालबंदाला बोलवायला हवं, हे त्याला कळत होतं. रोज सकाळी तो ठरवायचा. पण नालबंद फाटक्या तोंडाचा. त्यानं बघितलं की संध्याकाळपर्यंत टेकडीभर होणार, डर्व्हलाच्या कानावर जाणार, आणि ती म्हणणार, फिन्टन, पुरे आता, यापुढे तुमच्याकडे नको. मग कोण येणार? म्हणून त्यानं फोन केला नाही. गोठ्यात तो दाराशीच उभा राहून चारा टाकायला लागला. हिवाळ्यात गाढवांचे केस लांब नि दाट होतात, दुरून ती गुबगुबीतच दिसतात. तो दुरूनच बघायचा.

फेब्रुवारीत डर्व्हला एक पोनी घेऊन आली. अंगणातल्या चिखलाकडे बघून म्हणाली, "जरा गोठ्याकडे चक्कर मारून येते."

"कुठे रुततेस त्या घाणीत? मजेत आहेत सगळी. तू बस. दमलेली दिसतेस."

ती खरंच दमलेली होती. पुढे आणखी दोन घरं करायची होती. ती बसली, चहा प्याली, शेगडीजवळ पाय शेकले आणि गेली.

मार्चमध्ये तिची गाडी पुन्हा वळणावर दिसली, तशी फिन्टननं किटली ठेवली. मागून आणखी एक मोठी व्हॅन येत होती. त्यानं तिसरा कप काढला, मग चौथा.

"ये, ये. चहा टाकलाय."

डर्व्हला उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्याबरोबर जनावरांचा डॉक्टर होता, उंच, तरुण, कोऱ्या चेहऱ्याचा.

"आज चहा नको, फिन्टन. आधी गोठा बघायचाय."

"आत तर ये. भिजशील."

"तक्रार आलीय," ती म्हणाली. "तुमच्याविरुद्ध."

फिन्टनच्या हातात साखरेचं भांडं होतं. ते त्यानं टेबलावर ठेवलं.

"कुणी केली?"

"ते मला सांगता येणार नाही."

तो बूट घालून त्यांच्या पुढे चालू लागला.

 गोठ्यात डॉक्टर एकेकाजवळ जात होता, केसांत बोटं खुपसून दाबत होता, पाय उचलत होता. फिन्टननं बहिणीच्याच रीतीनं मदर बेनेडिक्ट नाव ठेवलेल्या करड्या गाढविणीपाशी तो थांबला. "इकडे या," त्यानं फिन्टनला बोलावलं. "हात लावा इथे."

फिन्टननं हात ठेवला. इतक्या दाट केसांखाली मांस नव्हतंच. मणका नि मणका हाताला लागला. त्यानं हात काढून घेतला.

शेवटच्या कप्प्यात एक शेळी आडवी पडलेली होती. डॉक्टर वाकला आणि लगेच उभा राहिला.

"ही कधी गेली?"

"काल उभी होती," फिन्टन म्हणाला.

"काल बघितलं होतंत तुम्ही तिला?"

फिन्टननं दाराकडे बघितलं, जिथून तो रोज चारा टाकायचा.

डॉक्टर लिहायला व्हॅनकडे गेला. डर्व्हला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या नाकावरून पाणी गळत होतं, पावसाचं की कसलं, कोण जाणे.

"मला एका शब्दानं सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू आणणं बंद केलं असतंस."

"अर्थातच केलं असतं!"

"तेच म्हणतोय मी."

 तिला समजलं असावं, कारण तिनं मान फिरवली आणि घराकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं.

"फिन्टन, नुसतं ये म्हटलं असतंत तरी आले असते हो."

"कामाशिवाय?"

 डर्व्हला खोटं बोलणारी बाई नव्हती. "कधीतरी," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी गेल्या महिन्यात इथून तीस पावलांवर बसून बिस्किटं खात होते. वर कळवावं लागेल मला तेही."

जनावरं न्यायची ठरली. अट्रॅक्टाच्या वेळच्या दोन गाढविणी तेवढ्या ठेवायला संस्थेची हरकत नव्हती, सिस्टर फिलोमिना आणि सिस्टर इग्नेशस, त्याही नालबंद लगेच आला तर. बाकीची सगळी व्हॅनमध्ये. पण गाढवं काही फळीवर चढेनात. व्हॅनबरोबर आलेल्या दोन गड्यांनी पुढून ओढलं, मागून रेटलं. गाढवानं एकदा नाही म्हटलं की झालं. मदर बेनेडिक्ट चारही पाय रोवून उभी राहिली, आणि एक गडी चिखलात बसला.

फिन्टन भिंतीला टेकून बघत होता. शेवटी तो पुढे आला.

"सोडा तिला. असं नाही येत ती."

त्यानं तिच्या गळ्याखाली हात घातला, कानाशी काहीतरी पुटपुटला आणि फळीवर पाय ठेवला. ती त्याच्या मागोमाग वर गेली. मग तो दुसरीला घेऊन आला. मग पोन्या, मेंढी, उरलेल्या शेळ्या. आंधळ्या घोडीला त्यानं शेवटी आणलं. फळी चढताना ती बिचकली, तेव्हा त्यानं आपला दुखरा खांदा तिच्या मानेला लावला आणि पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी "हां, आता," असं म्हणत राहिला. आत गेल्यावर तिनं त्याच्या कोटात तोंड खुपसलं. गड्यांनी वाट बघितली. कुणी घाई केली नाही.

गाड्या गेल्यावर तो घरात आला. किटलीतलं पाणी आटून तळ करपला होता.

नालबंद दुसऱ्याच दिवशी आला आणि, फिन्टनला वाटलं होतं तसं, टेकडीभर झालं. पण त्याबद्दल त्याला कुणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं, असं त्याला वाटायचं. चर्चमध्ये लोक सरकून जागा द्यायचे. कन्सेप्टानं ब्रेड पिशवीत भरून दिला, हवेबद्दल बोलली, आणि तो दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, "जप रे स्वतःला." तिनं थट्टा केली नाही, तेव्हा त्याला कळलं आपण कुठे आलो आहोत.

पुढची तपासणी करायला दुसराच इन्स्पेक्टर आला. नियमच तसा होता. त्यानं दोन्ही गाढविणी नीट बघितल्या, सगळं ठीक आहे म्हणाला आणि गाडीतच आपला डबा खाऊन निघून गेला.

मे महिन्यात एका रविवारी डर्व्हला आली. संस्थेचा कोट नव्हता, फुलाफुलांचा ब्लाउज होता. फिन्टननं तिला आधी ओळखलंच नाही. दोघं गोठ्यात गेली. तिनं सिस्टर फिलोमिनाच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"भरलीय," ती म्हणाली.

"दोघीच आहेत. सारखा हात फिरवत असतो मी. कंटाळतात त्या."

घोडी गॉलवेजवळ एका मोठ्या शेतावर आहे, दुसऱ्या एका घोड्याबरोबर तिचं जमलंय, असं डर्व्हलानं सांगितलं. मदर बेनेडिक्ट वाचली नाही. तेही सांगितलं. फिन्टननं मान हलवली.

"माझी बदली झालीय," निघताना ती म्हणाली. "कॉर्कला. मीच मागून घेतली."

"माझ्यामुळे?"

"थोडीशी. थोडीशी नवऱ्याच्या आईमुळे." ती हसली. "लांब आहे, फिन्टन. येईन म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस."

तिनं त्याचा हात हातात घेतला, सोडला आणि गाडीत बसली. तो फाटकाशी उभा राहिला. तिनं वळणावर हॉर्न वाजवला.

जूनमध्ये वरच्या शेतातलं गवत गुडघ्याच्या वर गेलं. इतकी वर्षं त्याला कधी वाढायलाच मिळालं नव्हतं, उगवलं की कुणीतरी खाऊन टाकायचं. आता दोन गाढविणींना किती लागणार? त्यांना जास्त हिरवं दिलं तर पाय सुजतात. फिन्टन खालच्या वळणावर राहणाऱ्या मॅलकीकडे गेला आणि म्हणाला, तुझ्या गाईंसाठी कापून ने.

"तुला नको?" मॅलकीनं विचारलं.

"दोन भारे ठेव. बाकी ने."

मॅलकी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन आला. हवा कोरडी होती. तो बाहेरच्या बाजूनं फेऱ्या मारत आत आत येत गेला, आणि मधला उभ्या गवताचा तुकडा लहान होत गेला. फिन्टन कुंपणाच्या फळीवर हात ठेवून बघत होता. त्याला तिथे काहीच काम नव्हतं. शेवटचा पट्टा कापून झाल्यावर मॅलकीनं केबिनमधूनच हात वर केला. फिन्टननंही केला. ट्रॅक्टर उतरणीनं खाली गेला. त्याचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता, मग तोही येईनासा झाला.