लेकीचा गुडघा

क्लबातले खेळाडू आपल्या फिजिओथेरपिस्टना गुडघेकाका म्हणत. शस्त्रक्रियेवाचून, नुसत्या व्यायामाने आणि चिकाटीने, काकांनी कित्येकांच्या गुडघ्यातली फाटलेली लिगामेंट बरी केली होती. "दुखणं लपवाल तर पाय गमवाल," असं रोज दहा जणांना दरडावणारे हे गृहस्थ त्या रविवारी स्वतःच्या लेकीला काय शिकवत होते? तर लंगडणं लपवायला!

लेक फुटबॉल खेळायची. तिचं लिगामेंट अर्धवट फाटलेलं. बारा आठवड्यांच्या उपचारांतला सहावा आठवडा चालू. आणि आज तिला बघायला पाहुणे येणार होते.

"गुडघ्याचा पट्टा काढ. पायरी चढताना चांगला पाय आधी. वळताना छोटी पावलं टाक."

"बाबा, क्लबातल्या कुणाला सांगाल का हे?"

"अगं, तासाभराचा तर प्रश्न! पोरीला एकदा अधू म्हणून नाव पडलं की जन्मभर पुसलं जात नाही."



पाहुणे आले. लेक चहा घेऊन आली, सफाईने वळली, बसली. काकांच्या जिवात जीव आला. मुलाच्या आईने सहज विचारलं, "खेळते म्हणजे दुखापती होत असतील?"

"छे हो! ठणठणीत आहे," काका घाईने म्हणाले.

तेवढ्यात मुलगा हसून म्हणाला, "माझं तर गेल्या वर्षी लिगामेंट फाटलं. चार महिने पट्टा बांधून हिंडलो."

"वा! खेळाडूचं भूषणच ते!" काका बोलून गेले.

बोलले आणि जीभ चावली. मुलाचं फाटलं तर भूषण, लेकीचं फाटलं तर खोट! लेक त्यांच्याकडेच बघत होती. तिला बापाची लाज वाटत होती, आणि ते त्यांना स्वच्छ दिसलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माझंही सांगा ना."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं! ते उठले, लेकीपुढे जमिनीवर बसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा टम्म सुजलेला, गरम. सकाळपासून त्यांनी एकदाही हात लावून पाहिलं नव्हतं.

"हिचंही फाटलंय," मान वर न करता ते म्हणाले. "ही लपवत नव्हती हो. मी लपवायला लावलं."



पुढे लग्न जमलं का, हे आपण सगळेच विचारू. पोरीची सूज उतरली का, हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात आधी आलं?