दीड गोणी

गवंडीकाकांची गाडी डावीकडे खाली बसली होती, आणि त्याचं खापर त्यांनी बारा वर्षं काकूंच्या माथी फोडलं होतं. काकू बसायच्या डाव्या सीटवर, अंगानंही चांगल्या भरलेल्या. काकांनी त्यांचं नावच ठेवलं होतं 'दीड गोणी'. एक गोणी सिमेंटची, वर अर्धी वाळूची. चारचौघांत हाक मारायचे मेले! काकूही हसून सोडून द्यायच्या.

आता काकू आजारी होत्या. दर पंधरवड्याला इंजेक्शन, दवाखाना तासाभराच्या वाटेवर, आणि कललेल्या सीटवर बसलं की पाठीतली कळ थेट मस्तकात जायची. मागच्या खेपेला उतरतानाच त्यांनी सांगून टाकलं, पुरे झालं, मी आता येणार नाही. डॉक्टरांनी तर एकही खेप चुकवू नका म्हणून बजावलेलं. काकांनी विनवलं, गाडी सरळ केली तर येशील ना? काकू 'बघू' म्हणाल्या. तेवढ्या एका 'बघू'वर म्हातारा कामाला लागला.

गॅरेजवाल्यानं नवी स्प्रिंग यायला आठवडा लागेल म्हणून सांगितलं, आणि खेप तर दुसऱ्या दिवशी. मग काकांनी स्वतःच जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सारले, डावं चाक काढलं आणि थकलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाड रबराचे तुकडे ठोकून बसवले. गाडी चार वेळा पुढेमागे ढकलली. अंगण त्यांच्याच हातचं, त्यात सूतभरही फरक नव्हता. डाव्या सीटवर त्यांनी कोपऱ्यात दगड होऊन पडलेली सिमेंटची गोणी चढवली, वर अर्धी गोणी वाळू. स्वतः स्टिअरिंगमागे बसले आणि डॅशबोर्डवर पातळी बघायची पाणसळ आडवी ठेवली. बुडबुडा जरा हलला. आणखी एक रबर घातल्यावर तो मधोमध येऊन थांबला. कितीतरी दिवसांनी काकांना पोटभर भूक लागली.

सकाळी त्यांनी गोण्या काढल्या आणि काकूंना धरून आणून बसवलं. आपल्या जागी बसून पाणसळीकडे बघितलं तर बुडबुडा पार डावीकडे, उंच बाजूला पळालेला. गाडी आता काकांच्या बाजूला कलली होती. त्यांनी पाणसळ उलटी करून पाहिली, पुसून पाहिली. रोज या बाईला धरून न्हाणीघरात नेणारा माणूस, हातांना कळलं नसेल होय? हातांना कळलं होतं. हिशेब तेवढा जुनाच राहिला होता.

काकूंनी पाणसळीकडे बघितलं, मग बाहेर काढून ठेवलेल्या गोण्यांकडे.

"अहो, दीड गोणी कुठली घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "आता जेमतेम एक भरेन मी."

रबर काढायचं तर पुन्हा चाक काढायला हवं, आणि तोवर दवाखान्याची वेळ टळली असती. "तुझी पाठ दुखेल," काका म्हणाले.

"मग ती वाळू आणा की," काकू म्हणाल्या.

काकांनी अर्धी गोणी वाळू उचलून आणली आणि त्यांच्या पायांशी ठेवली. काकूंनी तिच्यावर पाय टेकले. काका आपल्या जागी येऊन बसले, तसा बुडबुडा हळूहळू सरकत मधोमध आला. काकांनी पाणसळ काढून मागच्या सीटवर ठेवली, डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.