बोटभर सरकलेला मेंदू

उझगेन गावच्या बाजारामागे, सरकलेला मेंदू जागेवर बसवून देणाऱ्या उम्सुनाय आपाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओश शहरातून आलेल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या होत्या. जर्दाळूच्या झाडाखाली डोक्याला फडकी बांधलेली माणसं बसली होती. कोणी घोड्यावरून पडलेलं, कोणी जिन्यावरून घसरलेलं, कोणी मेव्हण्याशी नको त्या विषयावर बोललेलं. आतून मधूनच आपाचा खणखणीत आवाज येई, "सरकलाय! बोटभर सरकलाय!" आणि अंगणभर कौतुकाचा सुस्कारा उठे. मग चाळणीवर थापट्या पडत. मग आरोळी येई, "बसला!" आणि मान वाकडी करून आत गेलेली बाई ताठ मानेनं हसत बाहेर येई.

"मोठ्या दवाखान्यात एवढं मशीन, पण सापडलं नाही," एक म्हातारा सांगत होता. "आपाच्या दोऱ्यात लगेच सापडलं!"

भिंतीच्या कडेला काळा चष्मा घालून, कानांत कापूस कोंबून आणि कॉलर वर करून एक गृहस्थ बसले होते. हे एसेनबेक. उझगेनमधल्या लग्नांचे आणि मेजवान्यांचे सूत्रसंचालक. माइक हातात आला की सोडायचे नाहीत आणि कोपरखळी सुचली की गिळायचे नाहीत. याच उम्सुनाय आपाची नक्कल करून त्यांनी कित्येक वऱ्हाडांना पोट धरून हसवलं होतं. आता तिच्याच दारात नंबर लावून बसले होते, म्हणून तो चष्मा. त्यांच्या भाषेत 'एसेन' म्हणजे धडधाकट. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

त्यांना लागलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. लोकांना ते सांगत, घोडा उधळला. खरं म्हणजे उन्हाळ्यातल्या एका लग्नात टाळ्या पडल्या. एसेनबेक वाकून त्या स्वीकारत मागे सरकले. टाळ्या संपायच्या आत मंच संपला. डोकं खालच्या फरशीवर आपटलं.

तेव्हापासून त्यांना ऊन सहन होईना, आवाज तर मुळीच नाही. ज्या माणसाचं पोट लाउडस्पीकरवर, त्याला चमचा बशीवर वाजला तरी कळ येई. उठलं की घर फिरे. बोलता बोलता शब्द हरवत. एका लग्नात ते भर मंचावर नवरीचं नाव विसरले आणि "आपली ही... ही गोड मुलगी" म्हणत वेळ मारून नेली. नवरीच्या आईनं ते आजवर माफ केलेलं नाही.

चाचण्या झाल्या. डोक्याचं स्कॅन झालं, रक्त तपासलं. सगळं उत्तम! कागद हातात देणाऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "काही नाही झालेलं."

हे "काही नाही" घरी आलं आणि ठाण मांडून बसलं. त्यांची बायको बुरुल स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्याही तोंडून निघालं, "सरपण फोडायचं म्हटलं की बरं डोकं दुखतं तुमचं!" धाकटा भाऊ सादिर तर सरळ म्हणाला, "आका, कागदावर तू ठणठणीत आहेस. नाटक तुला जमतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे." एसेनबेकांना राग आला, आणि मग त्याहून वाईट गोष्ट झाली. त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. इतकी वर्षं लोकांना बनवलं, आता मी मलाच बनवतोय की काय?

नंबर आला. आपानं त्यांना चटईवर बसवलं, चष्मा काढला आणि ओळखलं. "अरे वा! माझी नक्कल करणारा! ये बाळा, ये. मेंदू म्हणजे वाटीतली साय. वाटीला धक्का बसला की साय एका कडेला जाते. मशीनला काय कळणार? मशीननं कधी साय खाल्ली आहे का?"

तिनं लोकरीचा दोरा घेतला. कपाळाच्या मध्यापासून डाव्या कानावरून मागच्या खळगीपर्यंत मोजून कोळशाची खूण केली. मग उजव्या कानावरून तसंच मोजून दुसरी खूण. दोन्ही मापं जुळवली. खुणांत बोटभर फरक!

"सरकलाय! उजवीकडे सरकलाय!"

एसेनबेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यामुळे नव्हे, आनंदानं. कोणीतरी त्यांचं दुखणं मोजून दाखवलं होतं! पुढे आपानं फडकं डोक्याभोवती आवळून दोन्ही बाजूंनी हिसके दिले, चाळणीची कड दातांत धरायला लावून तिच्यावर थापट्या मारल्या, तेव्हा त्यांना दाराबाहेरची पोपलरची झाडं उलटी दिसली. पण परत मोजलं तर मापं तंतोतंत जुळली. "बसला!" आपा म्हणाली. एसेनबेकही "बसला, बसला!" म्हणाले आणि अंगणाबाहेर जाऊन गाडीआड भडाभडा ओकले.

पहिला दोरा मात्र त्यांनी मागून घेतला होता. घरी जाऊन तो निकालपत्रासारखा बायकोपुढे धरला. "बघ! बोटभर! आता म्हण, नाटक!"

त्या दिवशी न मागता चहा आला आणि सरपण सादिरनं फोडलं. एसेनबेक खूश होते. डोकं पूर्वीपेक्षा जास्त दुखत होतं, पण ते सांगायची चोरी, कारण बरं झाल्याची दवंडी त्यांनीच पिटली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते गुपचूप पुन्हा आपाकडे गेले. आपा म्हणाली, "हसलास ना? हसलं की परत सरकतो." हसवणं हा ज्याचा धंदा, त्यानं काय करावं? दुसऱ्या हिसक्यांनंतर ते दारातच कोसळले. शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं.

"पुरे झालं," बुरुल म्हणाली. "त्या बाईनं तुमची मान मोडायची. मोजायचंच ना? मी मोजते घरी. हिसके मात्र नाहीत."

घरात तेव्हा सादिरच्या नव्या नातवासाठी जुना पाळणा बाहेर काढला होता. एसेनबेकांची आई तो पुसत बसली होती. बुरुलनं नवऱ्याचं डोकं मोजलं. फरक बोटभर, उजवीकडे. आपला हात बरोबर बसतोय का बघावं म्हणून तिनं सादिरला धरलं.

"मला कशाला? माझं डोकं कधी दुखलेलं नाही!"

"म्हणूनच बसा."

सादिरचाही मेंदू बोटभर सरकलेला निघाला. तोही उजवीकडे. सादिर पांढराफटक पडला. "वहिनी, परत मोज!" परत मोजलं, तेवढंच. मग आईला बसवलं. म्हातारीचाही उजवीकडे!

"म्हणजे घराण्याचाच मेंदू सरकलाय?" एसेनबेक म्हणाले.

म्हातारीनं पाळण्यावर हात आपटला आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे मेंढरांनो! मी याच घरची, माझा जन्म इथलाच. तुमचा बापच इथे येऊन राहिला! हा पाळणा कायम इथे, चूल कायम तिथे, डावीकडे. मीही उजेडाकडे तोंड करून झोपले आणि तुम्हीही. पाळण्यात उताणं, हातपाय बांधून निजवलेलं पोर दुसरीकडे वळणार कुठे? जी बाजू गादीवर, ती चपटते. चपटी बाजू आखूड, दुसरी लांब. यात मेंदू कुठून आणलात?"

बुरुलनं दोरा स्वतःच्या डोक्याला लावला. तिचा मेंदू सरकला होता डावीकडे. तिच्या माहेरी चूल उजवीकडे होती.

"आणि हिसक्यांनंतर माप जुळतं कसं मग?" सादिरनं विचारलं. बुरुल दोरा बोटांत खेळवत होती. तिनं लांब बाजू पुन्हा मोजली, या वेळी जरा ओढून धरून. सोडल्यावर लोकर आखडली आणि खूण बोटभर मागे आली. दोन्ही मापं जुळली. ना हिसके, ना चाळणी. आपाची बोटं हे जाणूनबुजून करत होती की सवयीनं, ते आपालाच ठाऊक.

सगळे हसले. एसेनबेक मात्र हसले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले होते. हातातला तो पहिला दोरा, त्यांचा एकमेव पुरावा, आता पाळण्याच्या नावावर गेला होता.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही," ते हळूच म्हणाले.

बुरुल त्यांच्यासमोर येऊन बसली. "असं कोण म्हणालं? दोरा खोटा निघाला, तुम्ही नाही. तुम्ही झोपेत कण्हता ते मी ऐकते. परवा स्वतःच्या मुलीचं नाव आठवेना, तेव्हा तुम्ही गोठ्यात जाऊन रडलात. मला दिसलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते सोडून मी दोऱ्याची वाट बघत बसले."

एसेनबेकांना इतके दिवस जे हवं होतं, ते एवढंच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुसऱ्या दिवशी दोघं ओशला मेंदूच्या डॉक्टर गुलबारांकडे गेले. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवून आधी सगळं ऐकून घेतलं. "स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला नाही, ही चांगली बातमी. पण धक्का बसलेल्या मेंदूचं काम बिघडलेलं असतं, ते त्या चित्रात येत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, काहींना महिने लागतात. हे कोणीतरी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. झोप नीट घ्या. रोज थोडं चाला, मग थोडं जास्त. अंधारात नुसतं पडून राहू नका. गोंगाटात हळूहळू जा. डोकेदुखीवर आणि चक्कर येण्यावर इलाज आहेत, ते आपण करू. दुखणं एकदम वाढलं, उलट्या थांबेनात किंवा शुद्ध हरपली, तर तडक दवाखान्यात यायचं. आणि एसेनबेक, पुन्हा डोकं कोणी हलवलं, तर मी येऊन त्याचं हलवीन!"

सादिरच्या नातवाला पाळण्यात घालायच्या मेजवानीला अख्खं गाव तंबूत जमलं. उम्सुनाय आपाही आली होती. एसेनबेकांनी लाउडस्पीकर बंद करायला लावला आणि माइकशिवायच मंचावर उभे राहिले.

"ज्यांचं डोकं कधीच दुखत नाही, त्यांनी पुढे यावं!"

तीन धिप्पाड गडी आले. बुरुलनं दोरा लावला. तिघांचेही मेंदू सरकलेले! एक तर घाबरून खालीच बसला. मग एसेनबेक आपाकडे वळले. "आपा, तुम्ही?"

"माझ्या घरी चुलीवर दूध आहे," आपा उठत म्हणाली. पण बायकांनी तिला हसत हसत बसवलं. आपाचाही मेंदू बोटभर सरकलेला निघाला. बुरुलनं लोकर जरा ओढली आणि ओरडली, "बसला!" तंबू हशानं हादरला. एसेनबेकांनी कान झाकले.

"श्रद्धा नसली की दोरा खोटं बोलतो!" आपा फणकारली.

"मग दोऱ्यालाच श्रद्धा शिकवा, आपा. आम्हाला चाळणी कशाला चावायला लावता?"

आता मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे एसेन, तुला काही झालंच नव्हतं! फुकट सुट्टी मारलीस!"

हशा पुन्हा उसळला आणि विरला, कारण एसेनबेक हसत नव्हते. पूर्वीचे असते, तर त्यांनी टोला परतवला असता.

"घोडा उधळला नव्हता," ते म्हणाले. "मी टाळ्या घेता घेता मंचावरून पडलो. हे खरं. माझं डोकं आत्ताही दुखतंय, तेही खरं. चाचणी कोरी आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आणि दुखणं खरं आहे म्हणून दोरा खरा ठरत नाही. घरात कोणी 'दुखतंय' म्हटलं तर पुरावा मागू नका, जवळ बसा आणि डॉक्टरकडे न्या. आमच्यावर तुम्ही विश्वास ठेवलात, तर आम्ही दोऱ्यावर ठेवायला जाणार नाही. या बाळाचं नाव..."

ते थांबले. नाव हरवलं होतं. तंबूत कोणी हसलं नाही, कोणी सुचवलंही नाही. सगळे वाट बघत राहिले. मग त्यांनी सरळ सांगितलं, "आठवत नाही. बुरुल, तू सांग."

"नूरतिलेक," बुरुल म्हणाली.

टाळ्या पडल्या, तळव्याला तळवा जेमतेम टेकवून, हळू. एसेनबेक त्या स्वीकारायला वाकले. पण वाकण्याआधी त्यांनी मागे वळून पाहिलं, मंच कुठे संपतो ते.